हरणीनं खाणं सोडलं: सोलापूर ते केम आणि करमाळ्यावरून परत

माणसं देवाला जातात, लग्नाला जातात, हवापालटाला जातात. आम्ही बापलेक सत्याहत्तर सालच्या दिवाळीत एका गायीला बघायला गेलो होतो.

या ब्लॉगवर मी आजवर निवृत्तीनंतरच्या सहलीच लिहिल्या. बदामी झाली, कोकण झालं, मैत्रिणींबरोबर एकदा राजस्थानही झालं. परवा एका वाचक मुलीनं विचारलं, "मावशी, सगळ्यांत लक्षात राहिलेला प्रवास कुठला?" झोकात काहीतरी लांबचं नाव लिहावं म्हणून बसले, आणि डोळ्यांपुढं आलं ते केम स्टेशन. सोलापूरकर हसतील. केमला काय बघायचं, म्हणतील. बघण्यासारखं काही नाही असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि सोलापुरात पशुखाद्य बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात टायपिस्ट होते. पोत्याबरोबर गिऱ्हाइकाला एक माहितीपत्रक जायचं. ते स्टेन्सिलवर टाईप करायचं काम माझं. जनावराच्या शरीराला जगण्यापुरता आहार लागतो, दुधासाठी त्यावर वेगळा लागतो. सुकी वैरण, हिरवी वैरण, पेंड, मीठ, क्षार, भरपूर पाणी. खाद्यात बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. इतक्या वेळा टाईप केलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. बाकी गाय मी कित्येक वर्षांत जवळून पाहिली नव्हती.

गाय जवळून पाहिलेला माणूस घरातच होता. माझे वडील, आबा. केमपासून दोन तास चालत गेल्यावर एक गाव लागतं (नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत). तिथं आक्का या मालकीणबाईंच्या वस्तीवर आबांनी वीस वर्षं सालगडी म्हणून काढली. औत, पाणी सगळंच करायचे, पण त्यांचं नाव होतं ते गोठ्यासाठी. आई गेली, मला पुढं शिकायचं होतं, म्हणून ते मला घेऊन सोलापुरात आले आणि मिलच्या गोदामात गठाणी उचलायला लागले. संध्याकाळी जेवले की चाळीच्या पायरीवर बसायचे. कुणाशी फारसं बोलणं नाही. मी एकदा गंमत म्हणून आमचं माहितीपत्रक त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बरूबर हाय. पर लिवणाऱ्यानं शेण हातात घेतलंय का कदी?"

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या गावचा एक रेल्वेतला माणूस चाळीत आला. आक्कांचा आबांसाठी निरोप होता. "हरणी तीन दिस झालं खाईना. रवंथ बंद हाय. किसनला म्हनावं, लगोलग ये." जनावरांचे डॉक्टर दिवाळीला आपल्या गावी गेले होते.

आबा उभेच राहिले. हरणीच्या आईचं बाळंतपण त्यांनीच केलेलं, हरणीला पहिल्यांदा पायावर उभं त्यांनीच केलेलं. मी मात्र मनातून चरकले. हरणीसाठी नाही, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटली की हा माणूस तिकडं गेला तर परत यायचा नाही. पाच वर्षं ते सोलापुरात होते, पण मन लावून राहिलेत असं मला एकदाही वाटलं नव्हतं, आणि मला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. म्हणून ऑफिसला दोन दिवसांची जादा रजा टाकली आणि म्हटलं, "मी पण येते." आबांना वाटलं, पोरीला गावाची ओढ लागली. खूश झाले बिचारे.

पहिला दिवस: सोलापूर ते केम

पाडव्याच्या सकाळी पुण्याकडं जाणारी पॅसेंजर धरली. तिकीट तेव्हा दोघांचं मिळून पाच-सहा रुपयांत झालं असेल. कोळशाचं इंजिन होतं, खिडकीत बसलं की डोळ्यांत कण जायचाच, आणि तरी मी खिडकी सोडली नाही. मोहोळ गेलं, माढा गेलं. दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झालेली, मधूनमधून काढलेल्या खरीप ज्वारीची धसकटं. आबा शेताशेताकडं बघून स्वतःशी पुटपुटत होते. "ह्ये हायब्रीड व्हतं. कणीस मोठं, ताट बुटकं. मानसाचं प्वाट भरलं, जनावराच्या तोंडाला पानं पुसली." (ताट म्हणजे ज्वारीचा दांडा.)

समोरच्या बाकावरचे एक टोपीवाले आजोबा लगेच पुढं सरकले. "व्हय की! माजा बैल पाला खातो अन् ताट तसंच टाकतो. गव्हाणीत नुसतं चघळ."

"बारीक तोडून घाला. मिठाचं पानी शिपडा. अन् निम्मा मालदांडी जुंधळ्याचा कडबा मिसळा, एकदम न्हाय, थोडा थोडा," आबा म्हणाले.

माढ्यापासून कुर्डुवाडीपर्यंत दोघं वैरणीवर बोलत होते. मी आबांना एका दमात इतकं बोलताना पाहिलंच नव्हतं. कुर्डुवाडीला गाडी बरीच थांबते, तिथं गरम भजी आणि चहा घेतला. माझ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होतीच. आजही त्या बाजूला गेलात तर हेच न्या, दोन दिवस बिघडत नाही आणि कुठल्याही हॉटेलापेक्षा सरस लागतं.

केमला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. केमचं कुंकू प्रसिद्ध, त्यामुळे स्टेशनाबाहेर हात लाल झालेल्या दोन बायका दिसल्या. पुढं वाहन म्हणाल तर पाय. वाटेत सावलीला बाभळी आणि प्यायला एका मळ्यातलं मोटेचं पाणी. आता तिकडं डांबरी रस्ता झालाय, रिक्षाही मिळते. पण थंडीच्या दिवसांत गेलात तर निदान निम्मी वाट चालून बघा. मी कुरकुरत चालत होते आणि आबा माझ्यापुढं वीस पावलं. सोलापुरात हाच माणूस जिना चढताना कठड्याला धरायचा.

आक्का गोठ्यातच होत्या. साठीच्या, विधवा, पोरगा पुण्याला कारखान्यात, बारा एकर एकटी बाई रेटत होती. आबांना बघून म्हणाल्या, "आलास? बघ बाबा तुजी हरणी." त्यांनी 'तुजी' म्हटलं ते आबांनी ऐकलं, आणि मीही ऐकलं.

हरणी मान खाली घालून उभी होती. पांढरी खिलार, पण कातडी राखेसारखी झालेली. पुढ्यात कडबा तसाच. तीन आठवड्यांचं खोंड बाजूला बांधलेलं, ओरडून ओरडून आवाज बसलेला. आईचं दूध आटत चाललेलं, म्हणून त्याला शेजारच्या म्हशीचं दूध फडक्यानं चाटवत होते. गाय गेली असती तर तेही गेलं असतं.

आबा आधी नुसते तिच्या अंगाला हात लावून उभे राहिले. मग कान चाचपले, नाकपुडी बघितली, डाव्या कुशीवर मूठ दाबून बराच वेळ धरली. मग खाली बसून शेण हातात घेतलं, बोटांनी फोडलं, वास घेतला. पातळ, आंबूस, आणि त्यात अख्खी डाळ.

"आक्का, हिला काय काय घातलं?"

"न्हेमीचंच की. कडबा, मूठभर सरकी."

"डाळ कुटनं आली मग?"

आक्कांनी वाकून शेणाकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "वसुबारसंला बाया आल्या व्हत्या पुजंला."

आमच्या लक्षात आलं. त्या वर्षी वरच्या आळीत वासरू पायाशी असलेली गाय एकटी हरणीच. सवत्स धेनूच लागते पूजेला. म्हणजे आळीतली झाडून सगळी घरं तबकं घेऊन हिच्यापुढं. पण किती आणि काय घातलं, ते कळल्याशिवाय उपाय करता येईना. आबा काही घराघरांत जाऊन बायकांना पूजेचा हिशेब विचारू शकत नव्हते. मग मी निघाले. टायपिस्टच मी. कागद-पेन्सिल घेतली आणि विहिरीवर जाऊन उभी राहिले.

"मी? मी एवढूसंच. वाटीभर हरबऱ्याची डाळ, भिजीवलेली."

"मी कनकंचं दोनच गोळं दिलं, गूळ घालून."

"आमी तर नुसता भात. बरं, त्यावर थोडं वरन."

"बाजरीची भाकरी घातली. ती काय वंगाळ हाय व्हय?"

एका म्हातारीनं तर आधी साफ नाही म्हटलं, आणि मी वळल्यावर मागून हाक मारून सांगितलं की नातवाच्या नावानं शेरभर मका भरडून घातला होता. एकूण सव्वीस घरं. प्रत्येकीचं 'एवढूसंच'. मी आक्कांच्या ओसरीवर बसून यादी वाचली तेव्हा आक्कांनी कपाळाला हात लावला. पायलीच्या वर धान्य, तेही भिजलेलं आणि गुळासकट, एका संध्याकाळी एका पोटात. जन्मभर जी गाय कडब्यावर आणि मूठभर सरकीवर जगली, तिला सगळ्या आळीच्या पुण्याईनं आडवं पाडलं होतं. मला हसू येत होतं आणि खोंडाकडं पाहिलं की येत नव्हतं.

आमच्या पत्रकात एक ओळ होती, 'धान्याचे प्रमाण अचानक वाढवू नये.' मी ती किमान दोनशे वेळा टाईप केली असेल. का वाढवू नये, हे मला आबांनी त्या दिवशी सांगितलं. "गाईचं प्वाट म्हंजी चूल. लाकडावर मंद जळती. तिच्यात कुनी डबाभर राकेल वतलं, तर सयपाक व्हईल का घर जळंल?"

दुसरा दिवस: उसना रवंथ

पहिल्याच संध्याकाळी आबांनी धान्याचा कण बंद केला आणि खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळीनं पाजला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाजला. तिला हळूहळू अंगणात फिरवली. वैरणीच्या गंजीत खालच्या बाजूला हात घालून गेल्या साली राखलेल्या मालदांडीच्या दोन पेंढ्या काढल्या. ताटाचा तुकडा मोडून स्वतः चावून बघितला. मीही चावला, गोडसर लागतो. हरणीनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

मग त्यांनी जे केलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारच्या दाव्याला आक्कांचा बैल पाखऱ्या निवांत रवंथ करत बसला होता. आबा त्याच्यापुढं उकिडवे बसले, त्याच्या गळ्याकडं बघत. खालून घास वर येताना गळ्यात गाठ सरकल्यासारखी दिसते. ती दिसली की एका हातानं जीभ बाजूला धरून दुसऱ्या हातानं तो घास बाहेर काढायचा. पाखऱ्यानं पहिल्या वेळी डोकं झटकलं, आबांचा कोपर गव्हाणीवर आदळला. दुसऱ्या वेळी हिरवट, फेसाळ गोळा हातात आला. तसाच गरम गरम हरणीच्या तोंडात, जिभेच्या मुळाशी, आणि तोंड धरून ठेवलं गिळेपर्यंत.

"ह्ये काय?" मी म्हटलं. दोन पावलं मागं सरले होते.

"रवंथ उसना घ्यायचा. हिच्या चुलीत जाळ ऱ्हायला न्हाय. दुसऱ्याच्या चुलीतला निकारा आनून घालायचा. माजा आजा करायचा."

दिवसभरात पाच-सहा वेळा ते पाखऱ्यापुढं बसले. पुढं काही वर्षांनी आमच्या कारखान्यात एक पशुवैद्य सल्लागार म्हणून यायचे, त्यांना मी हे भीतभीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, गायीच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात, वैरण खरं तर तेच पचवतात, धान्याच्या आंबटानं ते मरतात, आणि निरोगी जनावराच्या रवंथातून ते परत रुजवता येतात. तुमच्या वडिलांना हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या पणजोबांनी.

दुपारी चहा झाला. आक्कांनी मला ओसरीवर बोलावून कपबशी दिली. सोलापूरची नोकरीवाली पोरगी ना मी. मग किटली घेऊन त्या गोठ्याकडं गेल्या. आबांनी गोठ्याच्या कोनाड्यात हात घातला आणि एक ॲल्युमिनियमचा चेपलेला गिलास काढला. पाच वर्षं तो तिथंच होता. हौदावर धुतला, पुढं धरला. आक्कांनी वरून चहा ओतला. गिलासाला किटली लागू न देता.

आम्ही बौद्ध. मला शाळेत बाबासाहेबांवरच्या भाषणात बक्षीस मिळालेलं. माझ्या हातातली कपबशी मी तशीच खाली ठेवली. संध्याकाळी आबांना म्हटलं, "तुमी कपात का मागत न्हाय?"

"अगं, त्यो गिलास माजाच हाय की."

"म्हनूनच इचारते."

ते पाखऱ्याकडं वळले. मग पाखऱ्याच्या पाठीवरची गोचीड काढत म्हणाले, "तुजं बरूबर हाय, सुमे. पर हरणीला बघू दे आदी."

तेवढ्यात अंगणात माणसं जमायला लागली होती. किसन आलाय, हे गावभर झालं होतं. एकाची म्हैस माती चाटत होती. आबा म्हणाले, मिठाचा खडा बांधा गव्हाणीत, क्षाराची भुकटी घाला पेंडीतनं, अंगात क्षार कमी पडलेत तिच्या. 'क्षार' हा माझ्या पत्रकातला शब्द! मला गंमत वाटली, पाठ करून ठेवला होता तर त्यांनी. दुसऱ्याची गाय गाभण होती आणि तो पेंड बंद करून बसला होता, दूध देत नाही तर घालायची कशाला म्हणून. त्याला आबांनी चांगलाच हाणला. "पोटातल्या वासराला काय हवा खायला घालतोस?" सगळे हसले. मोठमोठे बागायतदार धोतराचा सोगा सावरत उभे, आणि माझे वडील दगडावर बसून त्यांना झापत होते. गोदामात त्यांना मुकादम 'ए म्हाताऱ्या' म्हणायचा. मी ओसरीच्या खांबाला टेकून ते बघत राहिले. हा माणूस इथं कोण आहे, ते मला पहिल्यांदा कळत होतं. आणि तो कुठल्या गिलासातून चहा पितो, तेही मी पाहिलं होतं. दोन्ही एकाच गोठ्यात.

तिसरा दिवस

पहाटेच उठून आबा गोठ्यात गेले होते. उजाडल्यावर मी गेले तर ते हरणीपुढं मांडी घालून बसलेले. मला हातानंच गप्प राहायला सांगितलं. हरणीच्या पुढ्यातली निम्मी पेंढी गेली होती. ती बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि जबडा सावकाश गोल गोल फिरत होता.

"साठाच्या वर चावती एका घासाला," आबा कुजबुजले. "मोजलं मी. लागला रवंथ." आणि ते रडले. मी त्यांना आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

दुपारी खोंडाला सोडलं. त्यानं आईला इतक्या ढुशा दिल्या की आक्का हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. त्यांनी गूळ वाटला. मग मी ओसरीवर असताना, मला ऐकू जाईल अशा बेतानं, आबांना म्हणाल्या, "किसन, ऱ्हा हितंच. गोठ्याशेजारची खोली लिपून देते. तुजी पोरगी आता कमावती झालीया, तिला काय कमी हाय? ही जनावरं तुज्याबिगर माज्यानं हुयाची न्हाईत." आबांनी हरणीचं दावं सोडलं. हरणीला पाणी दाखवायला घेऊन गेले. ती पाणी प्याली तरी ते बराच वेळ हौदाशी उभे होते.

मला आक्कांचा राग आला होता, पण त्या वाईट नव्हत्या हेही लिहायला हवं. आमच्या आईच्या आजारपणात त्यांनी दोन महिने घरचं दूध पाठवलं होतं. गिलासाचा विचारच त्यांनी कधी केला नव्हता. असं माणसांचं असतं, आणि त्याची चीड मला आजही येते.

चौथा दिवस: करमाळा, मोडनिंब, सोलापूर

करमाळ्याचा बाजार होता, म्हणून आक्कांनी तिकडं निघालेल्या गाडीत आम्हाला बसवलं. निघताना आबांनी आक्कांना तीनदा बजावलं. आठ दिवस धान्याचं नाव नको. मग मूठभर चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, मग दोन मुठी. पुढच्या वसुबारसेला बायकांना सांगा, कुंकू लावा, नमस्कार करा, आणि घास घालायचा तर कडब्याचा घाला. मी घरून येताना पिशवीत आमची चार-पाच पत्रकं आणली होती, त्यातलं एक काढून आक्कांना द्यावं असं मनात आलं होतं. दिलं नाही.

करमाळ्याला वेळ असेल तर कमलाभवानीचं देऊळ जरूर बघा, लांबून दीपमाळा दिसतात. आम्ही लांबूनच बघितल्या. आबांचं लक्ष बाजारात. कडब्याच्या गाड्यांपाशी ते थांबत, ताट मोडून हुंगत, पेंढीच्या बुडाला बुरशी आहे का ते बघत. विकत काहीच घ्यायचं नव्हतं. कुठं घालणार होते कडबा, चाळीत? एका विकणाऱ्यानं विचारलं, "किती जनावरं हायती पावनं?" आबांनी हातातलं ताट परत पेंढीत खोचलं आणि म्हणाले, "व्हती."

स्टँडवर सोलापूरची एस.टी. लागलेली होती. मी जागा धरायला रुमाल टाकला आणि खाली आले. आबा पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे. म्हणाले, "सुमे, मी ऱ्हाऊ का?"

बघा, त्यांनी सांगितलं नाही, विचारलं. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं केलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागत होता, आणि मागत होता आपल्या लेकीकडं. माझ्याकडं दोन उत्तरं होती. एक खरं होतं, मला तुमच्याशिवाय करमणार नाही, मला भीती वाटते. ते बोलायला लाज वाटली. म्हणून मी दुसरं बोलले.

"गोठ्यातल्या गिलासात च्या प्यायला ऱ्हानार का?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मग गाडीत चढले.

मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा मी दोघांसाठी चहा आणला, हॉटेलच्या काचेच्या कपांत. मुद्दाम. आबांनी तो पिऊन टाकला आणि कप परत दिला. पुढं सोलापूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. शेतातल्या कुठल्याही ज्वारीवर काही बोलले नाहीत. पोचलो तेव्हा दिवे लागले होते, चाळीत दिवाळीचे आकाशकंदील अजून होते. मी भात टाकला. दुसऱ्या दिवशी ते गोदामात आणि मी ऑफिसात.

प्रवास संपला. किती खर्च आला, काय बघितलं, म्हणाल तर वर लिहिलंच आहे. त्यानंतर आबा अकरा वर्षं जगले. हरणी आणखी तीनदा व्यायली, आक्कांची पत्रं यायची, ती मी वाचून दाखवायची. त्या खोंडाला जोडीचा बैल मिळाल्याचं पत्र आबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. राहण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी पुढं लग्न केलं, संसार केला, त्यांना शेवटपर्यंत जवळ ठेवलं. नातेवाईक म्हणायचे, लेक असावी तर अशी.

मी चुकले का? खूप वर्षं मी स्वतःला सांगितलं की नाही. तो गिलास मला कधीच मान्य झाला नसता आणि आजही नाही. तिथं परत जाऊन त्यांनी तो पुढं धरावा, हे मी कसं चालवून घेतलं असतं? पण तो गिलास पुढं करून मी माझी भीती झाकली, हेही तेवढंच खरं. आक्कांशी भांडता आलं असतं. कप मागता आला असता. चार महिने राहून बघा, असंही म्हणता आलं असतं. एकवीस वर्षांच्या मला यातलं काहीच सुचलं नाही.

आता सत्तरी आली. गुडघे दुखतात, मुलगा म्हणतो आमच्याकडं ये पुण्याला, तिथं लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. सगळं माझ्या भल्याचं बोलतो. मी ऐकते आणि मला आबा आठवतात, पिशवी धरून स्टँडवर उभे असलेले. मुलगा मला कधीच विचारत नाही, आई, तुला कुठं राहायचंय? मी त्याला दोष देत नाही. अकरा वर्षं एका घरात राहून मीही आबांना ते विचारलं नव्हतं.